कुत्र्याचा पुढचा पाय : त्यांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतु

आपल्या बोलण्यांत 'शीर' हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. जनावर लंगडूं लागलें कीं 'शीर आखडली', जखमेंतून रक्ताची चिळकांडी उडाली कीं 'शीर तुटली', आणि पाय लुळा पडला तरी 'शीर दबली' असेंच आपण म्हणतों. वास्तविक या तीन प्रसंगीं तीन अगदीं निरनिराळ्या वस्तूंस इजा झालेली असते व तिन्हींवरील उपायही निरनिराळे आहेत. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मी एक गोष्ट पक्की शिकलों ती ही कीं, पांदण, पाण्याचा पाट व शेताचा धुरा हीं तिन्हीं नकाशांत एकाच रेघेनें दाखविलीं तर पुढें तंटा ठरलेलाच. शरीराच्या नकाशाचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें तंट्याचा खर्च मुक्या जनावरास भरावा लागतो.

मी पशुवैद्य नाहीं. हा विषय मीं कां हातीं घेतला तें प्रथम सांगितलें पाहिजे. काटोल तालुक्यांत आमची थोडी संत्र्याची बाग आहे. तिच्या राखणीस वाघ्या नांवाचा गांवठी कुत्रा होता. रानडुकरें बागेंत शिरलीं कीं त्याच्या भुंकण्यावरून तीं कोणत्या धुऱ्यावर आहेत हें आम्हांस घरबसल्या समजे. एका संध्याकाळीं कुंपणाच्या पत्र्यानें त्याच्या पुढच्या उजव्या पायास, मनगटाच्या थोडें वर, आंतल्या बाजूनें खोल कापलें. रक्त थांबेना, म्हणून मीं स्वतः कोपराखालीं सुतळीचे चार वेढे देऊन गांठ मारली. रक्त बरेंच कमी झालें आणि आपण योग्य तें केलें असें समजून मी निजलों. सकाळीं पाहतों तों पंजा उशीसारखा सुजलेला, निळसर व गार पडलेला; बोट चिमटलें तरी वाघ्या वळूनही पाहीना. दहाच्या सुमारास त्यास दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं सुतळी कापली आणि सांगितलें कीं, जखम टांके घालून भरण्यासारखी होती. पाय जखमेनें गेला नाहीं, सुतळीनें गेला. पुढें तो पाय खांद्यापासून काढावा लागला.

त्यानंतर डॉक्टरांस वेळोवेळीं विचारून व त्यांनीं दाखविलेल्या चित्रांवरून मीं या पायाची माहिती करून घेतली. तीच येथें सोप्या शब्दांत देत आहें. ज्यांच्या वाडीवर राखणीचा कुत्रा आहे त्यांस ती केव्हां उपयोगीं पडेल याचा नेम नाहीं.

पायाची ठेवण

कुत्र्याच्या पुढच्या पायाचें आपल्या हाताशीं फार साम्य आहे. आपण ज्यास त्याचा पुढचा गुडघा म्हणतों तें खरोखर मनगट होय. त्याचें कोपर बरेंच वर, छातीच्या खालच्या कडेजवळ असतें. मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडें, कोपरापासून खांद्यापर्यंत एक जाड हाड आणि त्याच्या वर फऱ्याचें चपटें हाड, असा हा क्रम आहे. पंजास जमिनीवर टेकणारीं चार बोटें असतात, व आंतल्या बाजूस थोडें वर जें लहान बोट लोंबतें तो त्याचा आंगठा. मनगटाच्या मागें एक लहान गादी असते. ती पुढें खूण म्हणून आपल्या उपयोगीं पडेल.

मनुष्याच्या व कुत्र्याच्या खांद्यांत मात्र एक मोठा भेद आहे. आपला खांदा हांसळीच्या हाडानें छातीस जोडलेला असतो. कुत्र्यांत हें हाड नांवापुरतेंच उरलेलें आहे. त्यामुळें त्याचा सबंध पुढचा पाय केवळ मांसाच्या पट्ट्यांनीं धडास बांधलेला असतो. लांब ढांग टाकून पळण्यास ही रचना फार सोयीची; परंतु मोटारीचा धक्का लागून पाय जोरानें बाहेर किंवा मागें ओढला गेला तर तो ताण अडविण्यास मध्यें हाड नाहीं. तो सर्व ताण काखेंतून जाणाऱ्या मज्जातंतूंवर येतो. याचा परिणाम काय होतो तें पुढें येईल.

रक्त नेणारी वाट : धमनी

हृदयांतून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळीस धमनी म्हणतात. आपल्या जुन्या शाळापुस्तकांतील रोहिणी ती हीच. तिची भिंत जाड व लवचीक असते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती उसळते. पुढच्या पायाची मोठी धमनी छातींतून निघून पहिल्या बरगडीस वळसा घालते व काखेंत येते. तेथून ती दंडाच्या हाडाच्या आंतल्या बाजूनें खालीं उतरते. कुत्रा शांत उभा असतां त्याच्या दंडाच्या आंतल्या अंगास, कोपराच्या थोडें वर, दोन बोटें हलकेंच दाबून धरलीं तर हिची नाडी लागते.

कोपर ओलांडतांनाही ही धमनी आंतल्याच बाजूस राहते. खालीं ती मांसाच्या आड, पायाच्या मागच्या व आंतल्या अंगानें मनगटाकडे जाते, आणि मनगटाच्या मागें असलेल्या एका अरुंद बोगद्यांतून पंजांत शिरते. तेथें तिच्या शाखा होऊन त्या बोटांस व गाद्यांस रक्त पुरवितात. वाटेंत निघालेल्या लहान शाखा एकमेकींस ठिकठिकाणीं मिळतात. म्हणून एखादी बारीक शाखा बंद पडली तरी दुसरीकडून रक्त येतें, जशी एक चारी बुजली तरी शेजारच्या चारीचें पाणी वळवितां येतें. मुख्य पाटच बंद केला तर मात्र खालचें शेत वाळतें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, या पायाची मोठी धमनी आंतल्या व मागच्या बाजूस आहे; म्हणून त्या बाजूची जखम लहान दिसली तरी ती मोठी समजावी. दुसरी ही कीं, मनगटाच्या मागच्या लहान गादीजवळील बोगद्यांतून धमनीबरोबर एक मोठा मज्जातंतु व बोटें वाकविणाऱ्या कंडरा अशा तिन्हीं वस्तु एकत्र जातात. कंडरा म्हणजे मांसास हाडाशीं जोडणारी चिवट पांढरी दोरी. विळा, तार, पत्रा किंवा फुटकी बाटली यांनीं तेथें एक इंच कापलें तरी तिन्हीं एकदम तुटूं शकतात. आपल्याकडे सुश्रुतांनीं शरीरांत १०७ मर्में सांगितलीं आहेत. अशीं अनेक महत्त्वाचीं अंगें जेथें एकत्र येतात तें ठिकाण नाजूक मानण्याची ही दृष्टि जुनीच आहे.

पायाच्या गाद्यांत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतें. कपाशी निघाल्यावर शेतांत राहिलेला पऱ्हाटीचा खुंट गादींत शिरला तर रक्त फार जातें तें यामुळेंच. तें पाहून घाबरूं नये. अशी जखम दाबून धरिली असतां बहुधा थांबते.

रक्त परत आणणारी वाट : नीला

पायाकडे गेलेलें रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या नळीस नीला म्हणतात. हिची भिंत पातळ असते व तींतील रक्ताचा जोर अगदीं थोडा असतो. आंत ठिकठिकाणीं झडपा असतात. त्यामुळें रक्त वर जातें, पण खालीं परत उतरूं शकत नाहीं. खोल जाणाऱ्या नीला धमनीच्या सोबतीनें असतात आणि कांहीं नीला कातडीच्या लगेच खालून जातात.

कातडीखालच्या नीलांत एक फार उपयोगाची आहे. पंजाच्या वरच्या अंगापासून येणारी एक शाखा व आंतल्या अंगानें येणारी दुसरी, या मनगटाच्या वर एकत्र होऊन पायाच्या अगदीं समोरच्या बाजूनें सरळ कोपराकडे जातात. डॉक्टर लोक हिला सिफॅलिक म्हणतात. कोपराजवळ तिची एक शाखा खोल नीलेस मिळते, आणि स्वतः ती दंडाच्या बाहेरच्या अंगानें वर चढून मानेच्या मोठ्या नीलेकडील रक्तास मिळते. कुत्र्यास शिरेंतून औषध किंवा सलाईन द्यावयाचें असतां बहुधा हीच शीर पाहतात. तिच्या दोहों बाजूंस एकेक बारीक मज्जातंतु असतो. त्यामुळें सुई थोडी बाजूस गेली कीं कुत्रा एकदम पाय ओढतो. त्यांत डॉक्टरांचा राग नसतो, मज्जातंतूचें दुखणें असतें.

कुत्र्याच्या शिरेंत औषध घालण्याची ही युक्ति बरीच जुनी आहे. इ. स. १६५६ मध्यें इंग्लंडांत ख्रिस्तोफर रेन या गृहस्थानें पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी व जनावराच्या मूत्राशयाची पिशवी यांच्या साह्यानें कुत्र्याच्या शिरेंत द्रव घालून पाहिला होता. आज डॉक्टरांपाशीं उत्तम सुई आहे. पण कुत्रा धरण्याचें काम मालकाकडेच येतें. तें असें करावें : एका हातानें कुत्र्याची मान आपल्या अंगाशीं धरावी, दुसऱ्या हाताचा तळवा कोपराच्या मागें लावून पाय पुढें ढकलावा, आंगठा कोपराच्या समोरच्या वळणावर दाबावा व किंचित् बाहेरच्या बाजूस वळवावा. नीला फुगून वर येते. रक्त सुईंत दिसलें व डॉक्टरांनीं सांगितलें कीं आंगठा सैल करावा, म्हणजे औषध वर जाईल. सुई निघाल्यावर त्या जागीं कापूस धरून एक दोन मिनिटें दाबावें. नाहींतर कातडीखालीं रक्त सांठून गांठ होते.

सुतळीनें पाय कां गेला

आतां वाघ्याच्या पायाचा हिशेब समजतो. धमनीची भिंत जाड व आंतील दाब मोठा. नीलेची भिंत पातळ व दाब थोडा. अर्थात् पायास फांस आवळला तर प्रथम नीला बंद होते, धमनी नाहीं. फांस मध्यम असला कीं रक्त पायांत येत राहतें, पण बाहेर जाऊं शकत नाहीं. येणारा पाट चालू व निचऱ्याची नाली बुजलेली, अशा शेताची जी गति तीच पायाची. पाय सुजतो. सुतळी तर ताणत नाहीं. म्हणून पाय जसजसा सुजतो तसतशी तीच सुतळी आपोआप अधिक आवळत जाते, व शेवटीं धमनीही बंद होते. मग खालच्या मांसास व मज्जातंतूंस रक्त मिळेनासें होऊन तीं मरूं लागतात.

हा भेद विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें इ. स. १६२८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मनुष्याच्या दंडास पट्टी बांधून दाखविला होता. पट्टी अगदीं घट्ट बांधली तर नाडी थांबते व हात गार पडतो. थोडी सैल केली तर नाडी चालते पण हात फुगतो व शिरा टरारून येतात. रक्त शरीरांत फिरतें हें सिद्ध करण्यास त्यानें या साध्या प्रयोगाचा आधार घेतला. मला हा प्रयोग वाघ्याच्या पायानें शिकविला, व तोही उशिरा.

मज्जातंतु

तिसरी वस्तु मज्जातंतु. ही नळी नव्हे. पांढरट, भरीव दोरी आहे. मेंदूकडून हुकूम मांसाकडे नेणें आणि कातडीकडून दुःखाची व स्पर्शाची खबर मेंदूकडे पोंचविणें हें तिचें काम. ही तुटली तर रक्त फारसें जात नाहीं, म्हणून जखम किरकोळ वाटते. नुकसान मात्र मोठें असतें.

पाठीच्या कण्यांतून मज्जारज्जु जातो. त्यांतून मानेच्या शेवटच्या तीन व छातीच्या पहिल्या दोन अशा पांच जागीं निघणारे तंतु काखेंत येऊन एकमेकांत गुंततात व त्यांचें एक जाळें होतें. या जाळ्यांतून पायाचे निरनिराळे मज्जातंतु निघतात. त्यांतील मुख्य असे आहेत :

१. फऱ्याचा मज्जातंतु. हा फऱ्याच्या हाडाच्या पुढच्या कडेवरून बाहेरच्या बाजूस वळतो. यास इजा झाली तर फऱ्यावरील मांस झडतें व मधला हाडाचा कणा वर दिसूं लागतो.

२. कोपर वाकविणारा मज्जातंतु. हा दंडाच्या पुढच्या मांसास हुकूम देतो, व कोपराखालील आंतल्या बाजूच्या कातडीची खबर नेतो.

३. पाय ताठ करणारा मज्जातंतु. यास रेडियल म्हणतात. या पायांत हाच सर्वांत महत्त्वाचा. कोपर, मनगट व बोटें सरळ करणारें सर्व मांस याच्या ताब्यांत आहे. कुत्रा पायावर भार घेतो तो याच्या बळावर. पंजाच्या वरच्या अंगाची जाणीवही याच्याकडे आहे. हा दंडाच्या हाडाच्या मागून बाहेरच्या बाजूस येतो व कोपराच्या वर त्या हाडास लागून जातो. म्हणून दंडाचें हाड मोडलें असतां यास इजा होण्याचें भय असतें.

४. मधला मज्जातंतु. हा मोठ्या धमनीच्या सोबतीनें आंतल्या बाजूनें उतरतो व मनगटामागील बोगद्यांतून पंजाच्या तळाकडे जातो.

५. कोपराच्या टोंकामागून जाणारा मज्जातंतु. हा व मधला असे दोघे मिळून मनगट व बोटें वाकवितात. पायाच्या मागच्या बाजूची व सर्वांत बाहेरच्या बोटाची जाणीव याच्याकडे आहे.

पाय लुळा पडल्यास काय पाहावें

चौथा व पांचवा यांस इजा झाली तर कुत्रा चालतो. मनगट थोडें खालीं बसतें इतकेंच. परंतु तिसरा, म्हणजे रेडियल, कोपराच्या खालीं दुखावला तर पंजा उलटा पडतो व कुत्रा बोटांच्या पाठीवर पाय टेकतो. कांहीं दिवसांनीं पाय झटक्यानें पुढें फेंकून पंजा सुलटा टेकण्यास पुष्कळ कुत्रे शिकतात. तोच मज्जातंतु काखेजवळ दुखावला तर कोपरही सरळ राहत नाहीं. पाय लोंबतो व भार मुळींच घेतां येत नाहीं.

सर्वांत वाईट अवस्था म्हणजे जाळ्याचीं मुळें कण्यापासूनच उपटून येणें. वर सांगितल्याप्रमाणें पाय धडास हाडानें जोडलेला नसल्यामुळें हें घडतें, आणि याचें मुख्य कारण मोटारीचा अपघात. हाड मोडलेलें नसतें, जखमही कधीं कधीं नसते, पण सबंध पाय दोरीसारखा लोंबतो. अशा वेळीं कुत्र्याच्या डोळ्यांकडे पाहावें. त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली दुसऱ्याहून लहान दिसली तर इजा कण्याजवळ झाली असण्याचा संभव आहे; कारण डोळ्याकडे जाणारे कांहीं तंतु छातीच्या त्याच वरच्या भागांतून निघतात. ही खूण डॉक्टरांस अवश्य सांगावी.

बोटांची जाणीव पाहण्यासाठीं प्रत्येक बोट, नखाच्या मुळाशीं, चिमटून पाहतात. येथें एक चूक होते. कुत्र्यानें पाय मागें घेतला म्हणजे त्यास दुखलें असें ठरत नाहीं. पाय मागें घेण्याचा हुकूम मज्जारज्जूंतूनच परस्पर सुटूं शकतो. कुत्रा वळून पाहतो, ओरडतो किंवा चावावयास येतो तेव्हांच खबर मेंदूस पोंचली असें समजावें. ही परीक्षा तोंड बांधूनच करावी, व शक्य तर डॉक्टरांवर सोंपवावी.

मज्जातंतु केवळ दबला असेल तर कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत पाय सुधारतो. आंतील धागे तुटून वरचें वेष्टण शाबूत असेल तर ते पुन्हा वाढतात, परंतु त्यांची वाढ दिवसास सुमारें १ मिलिमीटर असते. इजेच्या जागेपासून पंजापर्यंत २०० मिलिमीटर अंतर धरलें तर सहा सात महिने होतात. तेव्हां पंधरा दिवसांत पाय सुधारला नाहीं म्हणून मालिशवाल्याकडून पाय ओढवून घेऊं नये व आशाही सोडूं नये. त्या काळांत घासणाऱ्या पंजास मऊ कापडाची पिशवी बांधावी, सांधे दिवसांतून दोन तीन वेळां हलकेंच वाकवावे व सरळ करावे, आणि कुत्रा बधिर पंजा चाटून चावून खाणार नाहीं याकडे लक्ष द्यावें. मुळेंच उपटलीं असतील तर मात्र पाय परत येण्याची आशा फारच थोडी असते.

रक्त वाहूं लागल्यास काय करावें

तांबडें भडक रक्त ठोक्याठोक्यानें उडत असेल तर धमनी तुटली. काळसर रक्त संथ वाहत असेल तर नीला. उपाय दोहोंस प्रथम एकच, व तो म्हणजे जखमेवरच दाब.

(१) आधीं कुत्र्याचें तोंड रुंद पट्टीनें बांधावें. दुखणाऱ्या जनावरास मालक ओळखूं येत नाहीं. तें धापा टाकीत असेल किंवा ओकत असेल तर मात्र तोंड बांधूं नये.

(२) स्वच्छ धुतलेल्या कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहातानें दाबावी व निदान दहा मिनिटें हात काढूं नये. रक्त थांबलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घडी वारंवार उचलली तर धरलेली गुठळी निघून येते. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवावी.

(३) नंतर कापूस घालून पंजाकडून वरच्या बाजूस पट्टी गुंडाळावी. मधल्या दोन बोटांचीं टोंकें उघडीं ठेवावीं. तीं एकमेकांपासून फांकलीं, गार पडलीं किंवा ओलसर दिसलीं तर पट्टी घट्ट झाली असें समजून ताबडतोब सोडावी.

(४) सुतळी, तार, बुटाची नाडी किंवा रबर पायास कधींही बांधूं नये. दाबूनही चिळकांडी थांबत नसेल व जीव जाण्याचें भय असेल तरच जखमेच्या वर रुंद कापड आवळावें, वेळ लिहून ठेवावी व तडक डॉक्टरांकडे निघावें. बांधून निजणें हा उपाय नव्हे.

(५) राख, माती, चुना, तंबाखू जखमेंत भरूं नये. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊं नयेत. त्यांतील पुष्कळ कुत्र्यास विषासमान आहेत.

एक मोठा सावधपणा

पिसाळण्याच्या रोगाचें विष चावल्याच्या जागेपासून रक्तांतून नव्हे, तर मज्जातंतूंच्याच वाटेनें मेंदूकडे चढतें. म्हणून जखम, मार वा पडणें यांपैकीं कांहीं नसतां कुत्र्याचा पाय लुळा पडूं लागला, आणि त्याबरोबर आवाज बदलला, लाळ गळूं लागली किंवा खालचा जबडा लोंबूं लागला, तर त्यास हात लावूं नये. 'घशांत हाड अडकलें असेल' म्हणून तोंडांत हात घालणें हें जिवावर बेतणारें आहे. त्यास दूर कोंडून डॉक्टरांस कळवावें. चावल्यास किंवा लाळ जखमेस लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. रोग एकदां उमटल्यावर औषध नाहीं. आधींची लस मात्र खात्रीची आहे. राखणीच्या कुत्र्यास दर वर्षीं लस देण्यास चुकूं नये.

बैलासही हेंच लागू

बोटांची संख्या सोडली तर बैलाच्या पुढच्या पायाची मांडणी बरीचशी अशीच आहे. नाल ठोकण्यासाठीं बैल पाडून कठीण जमिनीवर एका कुशीवर फार वेळ ठेवला तर त्याच्याच वजनानें खालच्या पायाचा रेडियल मज्जातंतु दबतो, आणि उठल्यावर बैल तो पाय टेकूं शकत नाहीं. यास 'पाय मुरगळला' असें समजून डागणी देतात. खरा उपाय आधींचा आहे : खालीं कुटाराचा किंवा तणसाचा जाड थर घालावा, काम लवकर आटपावें, व वेळ लागत असेल तर बैलाची कूस बदलावी.

शेवटचे दोन शब्द

आपल्या जिल्ह्यास एक मोठी सोय आहे. नागपुरास १९५८ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें, आणि २००० सालीं नागपुरांतच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आलें. तें महाविद्यालय आतां या विद्यापीठाचें आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत न उलगडणारें दुखणें तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुढें नेतां येतें. मात्र तेथपर्यंत पोंचेतों जनावर आपल्याच हातांत असतें, आणि आपल्या हातांनीं पहिल्या घटकेंत काय केलें यावर पुष्कळ अवलंबून असतें.

वाघ्या त्यानंतर तीन पायांवर चार वर्षें जगला. कुत्रे तीन पायांवर चांगले चालतात व पळतातही, हें ज्यांचा तसा प्रसंग येईल त्यांच्या समाधानासाठीं सांगतों. तो धुऱ्यापर्यंत जाई, भुंके, आणि डुकरें पळत. परंतु कुंपण ओलांडण्याची त्याची उडी गेली ती गेलीच. ती पत्र्यानें नेली नव्हती. ज्या बागाइतदारांच्या घरीं पडवींत सुतळीचा गुंडा टांगलेला असेल त्यांनीं त्याच्या शेजारींच एक धुतलेल्या कापडाची घडी व कापसाचा पुडा ठेवावा, आणि वेळ आली असतां हात सुतळीकडे न जातां त्या घडीकडे जावा, इतक्याच हेतूनें हें लिहिलें आहे.